रात्रपाळीला सापडेल असा कागद

नाशिकमधील सव्वाशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णाला अखेरच्या टप्प्यात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याची नोंद करणारा फॉर्म आमच्याकडे पुढील महिन्यापासून सुरू होत आहे. परिचारिका, निवासी डॉक्टर आणि इतर कर्मचाऱ्यांना तो समजावण्यासाठी एकेका तासाच्या तीन बॅचेस घ्याव्यात, असे व्यवस्थापनाने सांगितले आहे. या तासात काय शिकवावे, कायदा किती सांगावा, आणि फॉर्म वेगळ्या रंगाच्या कागदावर छापावा का?"

अतिदक्षता विभागात आणि नंतर पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत, मिळून माझी बावीस वर्षे गेली आहेत, आणि या काळात असे प्रशिक्षण मी लहानमोठ्या बऱ्याच रुग्णालयांत घेतले आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर एका तासात फॉर्म कसा भरायचा हे सहज शिकवता येते; मात्र तेवढेच शिकवणार असाल तर फॉर्म सुरूच करू नये, असे माझे मत आहे. भरतीच्या वेळी नातेवाइकांकडून आपण आधीच इतक्या सह्या घेतो की त्यांतली कोणती कशासाठी होती हे घरी गेल्यावर एकालाही आठवत नाही. नवा फॉर्मही मग त्याच गठ्ठ्यात जाऊन पडतो, आणि ज्या रात्री त्याची गरज लागते त्या रात्री तो कोणाला सापडत नाही.

हे मी एका प्रसंगावरून शिकलो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. निफाडकडचे एक निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने वर्षभरात चौथ्यांदा दाखल झाले होते. त्यांनी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, मुलीसमोर आणि माझ्यासमोर सांगितले होते की ऑक्सिजन, इंजेक्शने, मास्कवरचे मशीन हे सर्व चालेल, पण घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवू नका आणि हृदय थांबले तर छाती दाबू नका. तशी नोंद झाली, त्यांनी सही केली, मीही केली. तिसऱ्या रात्री अडीच वाजता त्यांचे हृदय थांबले. ड्युटीवरच्या सिस्टरने नियमानुसार कोड ब्ल्यू, म्हणजे हृदय थांबल्याचा तातडीचा इशारा, पुकारला, धावत आलेल्या निवासी डॉक्टरने छाती दाबायला सुरुवात केली, नळी घातली, हृदय पुन्हा सुरू झाले. सकाळी मी फाइल उघडली तेव्हा तो फॉर्म तीतच होता, मात्र विमा कंपनीच्या टीपीएच्या (दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या) कागदांमागे, आधार कार्डाच्या झेरॉक्सला स्टेपल केलेला. सिस्टर मला म्हणाली, "सर, ऑर्डर शीटवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि हॅन्डओव्हरमध्येही कोणी सांगितलं नाही." तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ऑर्डर शीटवर लिहायचे मीच विसरलो होतो. गुरुजी त्यानंतर सहा दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि त्या सहा दिवसांत त्यांच्या मुलीने मला एकही प्रश्न विचारला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून प्रशिक्षणाची पहिली पंधरा मिनिटे फॉर्मच्या मजकुरावर घालवू नयेत. फाइल हातात द्यावी आणि "रात्रीचे अडीच वाजले आहेत, रुग्णाची नाडी लागत नाही, वीस सेकंदांत सांगा काय करायचे" असे विचारावे. फॉर्म फाइलच्या अगदी वर, डॉक्टरांची तारीख-वेळेसह स्वतंत्र ऑर्डर त्याच दिवशीच्या ऑर्डर शीटवर, पाळी बदलताना होणाऱ्या प्रत्येक हॅन्डओव्हरमध्ये पहिल्या वाक्यात तिचा उल्लेख, आणि कॉम्प्युटरवर रुग्णाचे नाव उघडताच दिसणारी खूण, अशा चारही ठिकाणी ती माहिती एकसारखी असायला हवी. कुठेही तफावत असेल किंवा शंका असेल, तर सीपीआर (छाती दाबून हृदय आणि श्वास सुरू करण्याचा प्रयत्न) सुरू करायचा आणि वरिष्ठांना फोन करायचा, हा नियमही त्याच वेळी सांगावा. हे न सांगितल्यास परिचारिका घाबरून एकतर काहीच करत नाहीत किंवा फॉर्म असूनही सर्व काही करतात.

दुसरा मोठा भाग म्हणजे वेगवेगळ्या कागदांची सरमिसळ. माझ्या अनुभवात कर्मचाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, आणि तो सुशिक्षित डॉक्टरांतही तितकाच असतो.

पहिला कागद म्हणजे लिव्हिंग विल, म्हणजे अग्रिम वैद्यकीय निर्देश. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अशा निर्देशाला मान्यता दिली. त्या वेळी घातलेली पद्धत इतकी किचकट होती की ती प्रत्यक्षात जवळपास वापरली गेलीच नाही. निर्देशावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. आता सज्ञान आणि मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने स्वेच्छेने लिहिलेला निर्देश दोन साक्षीदारांच्या सह्यांसह नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक नातेवाइकांची किंवा पालकांची (गार्डियन) नावे त्यात देता येतात. आणि तो केव्हाही लेखी बदलता किंवा मागे घेता येतो. व्यक्ती धडधाकट असताना घरी बसून लिहिते तो हा कागद. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत असेपर्यंत तो लागूच होत नाही, हे वाक्य कर्मचाऱ्यांकडून दोनदा म्हणवून घ्यावे. कारण शुद्धीवर बोलणाऱ्या आजींना काहीही न विचारता त्यांच्या उशाशी असलेला नोटरी केलेला कागद वाचून निर्णय घेणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरा कागद म्हणजे आपल्या रुग्णालयाचा हा नवा फॉर्म आणि त्यावरून निघणारी डॉक्टरांची ऑर्डर. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये 'पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये' (बोलण्यात 'डीएनआर') या निर्णयाविषयी मार्गदर्शक सूचना आणि नमुना फॉर्म प्रसिद्ध केला. ही ऑर्डर फक्त हृदय किंवा श्वास थांबल्यानंतरच्या सीपीआरपुरती असते. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन, वेदनाशामके, फिजिओथेरपी, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, या ऑर्डरमुळे आपोआप बंद होत नाही. "या पेशंटला डीएनआर आहे, मग राउंडला नंतर बघू" हे वाक्य ज्या वॉर्डात ऐकू येते, तिथे फॉर्मने रुग्णाचे नुकसान केले आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट कागदापेक्षा प्रक्रिया आहे: निर्णयक्षमता उरलेली नसलेल्या, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा सुरू असलेला जीवरक्षक उपचार काढून घेणे किंवा तो सुरू न करणे. इथे २०२३ च्या सुधारित निर्देशांप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळे लागतात. पहिले रुग्णालयाचे, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन विषयतज्ज्ञ. दुसरे मंडळही रुग्णालयानेच नेमायचे, पण त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर आणि तितकाच अनुभव असलेले, पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांच्या आत मत द्यावे, निर्देशात नाव असलेल्या व्यक्तींची, निर्देश नसल्यास जवळच्या कुटुंबीयांची संमती घ्यावी, आणि अंमलबजावणीपूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे. परिचारिकांना यातले एवढेच माहीत असले तरी पुरे की हे काम वॉर्डच्या पातळीवर, तोंडी सांगण्यावरून, कधीही होत नाही. प्रशासनाला मात्र एक गृहपाठ द्यावा. आपल्याकडे जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी अशी दोन पदे आहेत. नामनिर्देशनाचे पत्र कोणाच्या कार्यालयात द्यायचे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवण्याचे पत्र सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयात कोणत्या टेबलावर स्वीकारले जाते, हे आजच विचारून लेखी उत्तर फाइलला लावून ठेवावे. रुग्ण दाखल असताना ही चौकशी सुरू केली तर अठ्ठेचाळीस तास त्यातच जातात.

आणि चौथा कागद, ज्याचे नाव कोणत्याही प्रशिक्षणात घेतले जात नाही: डामा. "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत" अशी सही घेऊन अँब्युलन्समध्ये अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत रुग्णाला सुरगाण्याला, पेठला किंवा कळवणला घरी पाठवणे आपल्याकडे सर्रास होते. पैसे संपलेले असतात, किंवा माणूस स्वतःच्या ओट्यावर जावा अशी घरच्यांची खरीखुरी इच्छा असते, किंवा डॉक्टरलाच मनातून तसे वाटत असते पण लिहायला तो धजावत नाही. "सल्ल्याविरुद्ध" हा शब्द अशा वेळी बहुधा खोटा असतो. आणि त्या खोट्याची किंमत रुग्ण मोजतो, कारण डामा घेतलेल्या रुग्णासोबत ना औषधे दिली जातात, ना दम लागल्यावर काय करायचे हे सांगितले जाते. नव्या फॉर्ममध्ये "घरी नेण्याची इच्छा" असा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो भरला असेल तर सोबत औषधांची चिठ्ठी, फोन नंबर आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देणे बंधनकारक करावे. व्यवस्थापनाने माझी एकच सूचना मानायची ठरवली, तर ती ही असावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही अग्रिम निर्देशाची तरतूद आहे, पण ती मानसिक आजारावरील उपचारांसाठी आहे आणि तिचा या फॉर्मशी संबंध नाही. तसेच मेंदूमृत्यूचे प्रमाणन हे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली होते आणि तेही वेगळे आहे. या दोन्हींचा उल्लेख एकेका वाक्यात करावा आणि पुढे जावे.

आता भाषेविषयी, कारण खरे प्रशिक्षण तिथेच आहे. फॉर्मचे मराठी भाषांतर करणाऱ्याने बहुधा "हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन" आणि "कृत्रिम श्वासोच्छ्वास" असे शब्द लिहिलेले असतील. ते फॉर्मवर राहू द्यावेत, पण तोंडाने बोलू नयेत. "छाती दाबून हृदय सुरू करायचा प्रयत्न", "घशात नळी घालून मशीनवर श्वास देणे", "किडनीचे काम मशीनवर करणे" असे म्हटले की सातपूरच्या कारखान्यात काम करणारा मुलगा आणि दिंडोरीची द्राक्षबाग सांभाळणारा भाऊ दोघांनाही ते एकाच वेळी कळते. "इच्छामरण" हा शब्द तर प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशीच बाद करावा. वर्तमानपत्रांनी तो रूढ केला आहे आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शरपंजरी भीष्म उभे राहतात. आपण मात्र मृत्यू घडवून आणत नाही, आजाराने येत असलेल्या मृत्यूच्या वाटेत निरुपयोगी यंत्रे उभी करायची की नाहीत एवढेच ठरवत असतो. जाणूनबुजून प्राण घेणारे इंजेक्शन देणे हा आपल्या देशात गुन्हा होता आणि आजही आहे.

"इच्छापत्र" हा शब्दही सांभाळून वापरावा. आपल्याकडे इच्छापत्र म्हणजे शेती-घराची वाटणी. एकदा एका ज्युनियर डॉक्टरने वेटिंग एरियात मोठ्याने विचारले, "बाबांनी इच्छापत्र केलंय का?" आणि पुढचा अर्धा तास दोन भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले, धाकटा तर वकिलाला फोन लावून मोकळा झाला. "उपचारांविषयीची इच्छा" असे पूर्ण म्हणावे, किंवा सरळ "लिव्हिंग विल" म्हणावे.

त्याहून घातक वाक्ये म्हणजे "आता सगळं बंद करायचं का, ते तुम्ही सांगा" आणि "काहीच करू नका असं लिहून द्या". पहिल्या वाक्याने वडिलांना मारण्याचा निर्णय मुलाच्या माथी येतो आणि तो उरलेले आयुष्य ते ओझे वाहतो. दुसरे वाक्य खोटे आहे, कारण आपण बरेच काही करणार असतो. त्याऐवजी प्रश्न रुग्णाविषयी विचारावा: "बाबा आता स्वतः बोलू शकले असते, तर त्यांनी काय सांगितले असते? गावात किंवा नात्यात कोणी असे आजारी पडले तेव्हा ते काही बोलले होते का?" या प्रश्नाला नातेवाईक जवळजवळ नेहमीच उत्तर देतात. कोणी सांगते, "माझ्या आईच्या वेळी ते म्हणाले होते, मला असं नळ्यांत ठेवू नका." कोणी नुसतेच रडते, आणि तेही उत्तरच असते. त्यानंतर डॉक्टरने स्वतःची शिफारस स्पष्ट सांगायची: "बाबांचा आजार, तुम्ही सांगितलेली त्यांची इच्छा, हे पाहता छाती दाबू नये असा माझा सल्ला आहे. श्वासाचा त्रास, वेदना, तहान यांवरचे उपचार आम्ही चालू ठेवू." जबाबदारी डॉक्टरने उचलायची आणि संमती कुटुंबाने द्यायची, हा क्रम उलटू देऊ नये.

सीपीआरविषयीही खरे सांगावे. टीव्हीवर छाती दाबली की माणूस डोळे उघडतो. प्रत्यक्षात, अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींतसुद्धा रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी साधारण चार-पाचांत एकच रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडतो, आणि त्यात सर्व प्रकारचे रुग्ण येतात. पसरलेला कर्करोग किंवा अनेक अवयव निकामी झालेले वृद्ध यांच्यात हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. आकडा सांगायचाच असेल तर डॉक्टरने सांगावा. परिचारिकेने मात्र "बरगड्या मोडू शकतात" हे सांगायला कचरू नये.

हा भाग व्याख्यानाने शिकवता येत नाही. तिघांचे गट करावेत: एक डॉक्टर, एक सिस्टर, एक नातेवाईक. नातेवाइकाची भूमिका शक्यतो वरिष्ठ डॉक्टरांना द्यावी, कारण रुग्णाच्या उशाशी उभे राहून "काहीतरी करा ना" म्हणण्याची वेळ त्यांच्यावर सहसा आलेली नसते. प्रसंग आपल्याच शहरातले घ्यावेत. मुलगा पुण्याला आहे आणि फोनवरून "मी येईपर्यंत सर्व चालू ठेवा" म्हणतो, तर वर्षभर सेवा करणारी सून गप्प उभी आहे. सुनेला कधी बोलते करायचे? सटाण्याकडच्या आजी फक्त अहिराणी बोलतात आणि नातू भाषांतर करताना "कॅन्सर" हा शब्द गाळतो; ते कोणाच्या लक्षात येते? त्र्यंबकेश्वरला विधीसाठी आलेला परराज्यातला वृद्ध यात्रेकरू एकटाच दाखल आहे. त्याच्या वतीने कोण बोलणार? २०२७ च्या सिंहस्थात हा शेवटचा प्रसंग नाशिकमधल्या प्रत्येक रुग्णालयात अनेकदा येईल, म्हणून त्याची तालीम आत्ताच झालेली बरी. प्रत्येक प्रसंगाला दहा मिनिटे, आणि त्यातली निदान दोन मिनिटे कोणीही न बोलता जाऊ द्यावीत. वाईट बातमी दिल्यानंतरची शांतता सहन करणे हे आपल्या डॉक्टरांना सर्वांत जड जाते. ते लगेच रिपोर्टविषयी बोलू लागतात.

आपल्या यादीत "इतर कर्मचारी" असे दोनच शब्दांत म्हटले आहे. त्यात मावशी आणि मामा येत असतील, तर त्यांची बॅच मी सर्वांत आधी घेईन. डॉक्टर रुग्णाजवळ दिवसात दहा मिनिटे असतात, मावशी अंग पुसताना अर्धा तास असते. सीटी स्कॅनला नेताना एका आजोबांनी स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला सांगितले होते, "मामा, आता हे पुरे झालं, मला घरी न्या." मामांनी "बरे व्हाल बाबा" म्हणून त्यांना धीर दिला आणि ते कोणालाही सांगितले नाही, का, तर त्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते. पाच दिवसांनी आजोबा आयसीयूतच गेले, आणि तेराव्यानंतर नातेवाईक बिलाच्या कामासाठी आले तेव्हा बोलता बोलता मामांनी ही गोष्ट सांगितली. मावशी-मामांना फॉर्म भरायला शिकवायचा नाही. रुग्ण असे काही बोलला तर त्याच पाळीत सिस्टरला सांगायचे आणि सिस्टरने ते रुग्णाच्याच शब्दांत नर्सिंग नोंदीत लिहायचे, एवढेच. त्यांना अर्धा तास पुरतो.

सही करून घेणे हे काम कोणाचे नाही तेही ठरवावे. बिलिंग काउंटर, टीपीए डेस्क, भरतीचा टेबल यांच्याकडे हा फॉर्म असताच कामा नये. पैशांच्या बोलण्याला लागून हा विषय निघाला की "पैसे संपले म्हणून हात वर केले" असाच अर्थ निघतो, आणि तो काढणाऱ्या नातेवाइकांना दोष देता येत नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत अखेरच्या काळातील सेवेचा विषय आहे म्हणून काही रुग्णालये घाईने फॉर्म छापतात आणि तपासणीच्या आठवड्यात जुन्या फायलींत भरून ठेवतात. आपल्याकडे तसे होणार नाही असे मी गृहीत धरतो.

प्रशिक्षणातला जो भाग नेहमी वगळला जातो तो म्हणजे "नको" म्हटल्यानंतर काय करायचे. फॉर्मवर व्हेंटिलेटर नको असे लिहिलेल्या रुग्णाला रात्री दम लागला, तर सिस्टरच्या हातात काय आहे? डोके उंच करणे, पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ देणे, ओठ आणि तोंड ओले ठेवणे, घशातल्या घरघरीसाठी कूस बदलणे आणि औषध देणे, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेला मॉर्फिनचा लहान डोस. मॉर्फिनविषयी आपल्याकडे अकारण भीती आहे. योग्य मात्रेत, दम आणि वेदना कमी करण्यासाठी दिलेले मॉर्फिन म्हणजे इच्छामरण नव्हे, हे फार्मासिस्टपासून सर्वांना सांगावे लागते. २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. आपल्या फार्मसीत ते आहे का, आणि रात्री कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रशिक्षणाआधी पाहून घ्यावे. नातेवाइकांना जवळ बसू देणे, रामकुंडाचे पाणी किंवा तुळशीपत्र तोंडात घालू देणे, कानाशी नामस्मरण करू देणे यासाठी भेटीची वेळ शिथिल करण्याचा अधिकार रात्रीच्या सिस्टर इन्चार्जला लेखी द्यावा. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनाही तीच मोकळीक असावी. हा अधिकार कागदावर नसला तर दारावरचा सुरक्षारक्षक आपले काम करणारच.

वेळेविषयी: एकेका तासाच्या तीन बॅचेस पुरणार नाहीत. डॉक्टर आणि परिचारिकांची एकत्र बॅच करावी, वेगवेगळी नव्हे. ती तीन तासांची असावी आणि एका वेळी पंधरापेक्षा अधिक लोक नसावेत. निवासी डॉक्टर आणि परिचारिका सतत बदलत असतात, म्हणून दर दोन महिन्यांनी नव्या लोकांसाठी ती पुन्हा घ्यावी लागेल. रात्रपाळीच्या लोकांना सकाळी आठला थांबवून शिकवू नये. त्यांच्यासाठी रात्री नऊला, पाळी सुरू होताना, वॉर्डातच अर्ध्या तासाची फाइल शोधण्याची तालीम घ्यावी.

तीन महिन्यांनंतर मृत्यू झालेल्या वीस रुग्णांच्या फायली काढाव्यात. फॉर्म किती भरले, हे मोजू नये. ते मोजले की फॉर्म भरले जातात. नातेवाइकांशी पहिले बोलणे दाखल झाल्यापासून किती तासांनी झाले, रुग्ण शुद्धीवर असताना त्याला स्वतःला विचारले होते का, फॉर्म, ऑर्डर शीट आणि हॅन्डओव्हर एकमेकांशी जुळतात का, आणि नको म्हटलेले असताना किती जणांवर सीपीआर झाला, हे पाहावे. रुग्णाची प्रकृती किंवा मत बदलले तेव्हा फॉर्म पुन्हा लिहिला गेला का, हेही पाहावे. पंधरा दिवसांपूर्वीचा फॉर्म तसाच दिसला तर बहुधा तो कोणी उघडलेला नसतो.

राहिला कागदाच्या रंगाचा प्रश्न. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पोल्स्ट' नावाच्या अशाच फॉर्मची पद्धत सुरू झाली. तो ठळक गुलाबी कागदावर छापतात आणि घरी फ्रिजवर लावून ठेवतात, म्हणजे अँब्युलन्सवाल्यांना तो धावत येताना दिसतो. आपल्याकडे अँब्युलन्सला असा फॉर्म पाळण्याची व्यवस्था नाही, म्हणून फ्रिजवर लावण्याचा उपयोग नाही. पण फाइलमध्ये रंगीत कागद नक्की उपयोगी पडतो. गुलाबी मात्र घेऊ नका. बऱ्याच रुग्णालयांत लॅबचे फॉर्म किंवा डिस्चार्जची कार्बन कॉपी गुलाबी असते. रेकॉर्ड रूममधल्या क्लार्कला एक भरलेली फाइल घेऊन बसवा आणि तीत कोणता रंग अजिबात नाही हे त्याला विचारा. आमच्याकडे तो रंग हिरवट पिवळा निघाला. कागद जाड घ्या, कारण पातळ कागद पंचिंगच्या भोकांपाशी आठवड्यात फाटतो आणि मग कोणीतरी तो काढून मागच्या कप्प्यात ठेवून देते.